"हे आमचं भजन नोहे": समोरचा आवाज आणि घरचा आवाज

प्रश्न चिमूर तालुक्यातल्या एका शिक्षकांचा आहे. त्यांचे वडील गावच्या भजन मंडळात ४० वर्षांपासून खंजिरी वाजवतात. सरांनी ४५,००० रुपयांचा संच घरी आणला: दोन बॉक्स (स्पीकर), फक्त जाड आवाज काढणारा एक सबवूफर आणि ५० वॉटचं मशीन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. मंडळाचं भजन मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि रात्री जेवणं झाल्यावर वडिलांना समोर बसवून लावलं. वडिलांनी दोन कडवी ऐकली आणि म्हणाले, "हे आमचं भजन नोहे." सर विचारतात, समोर बसून ऐकताना जे असतं ते घरी का येत नाही? आणि आणखी मोठं मशीन घेतलं तर येईल का?

मशीनचं आधी सांगून टाकतो, म्हणजे निदान पैसे वाचतील. मोठ्या मशीननं ते येणार नाही. बाकीचं उत्तर लांब आहे, सवडीनं वाचा.

मी वरोऱ्याच्या बाजूला ३१ वर्षं साउंड सर्व्हिस चालवतो. भजन स्पर्धा, सप्ताह, लग्नं, आणि दिवाळीनंतर वडसा-ब्रह्मपुरीकडे झाडीपट्टीची नाटकं. रिकाम्या दिवशी दुकानात मशीन आणि बॉक्सची दुरुस्ती. रात्रभर नाटकातला खरा गळा आणि खरी ढोलकी ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कुणाच्या तरी बॉक्समधून तेच ऐकायचं, असं वर्षानुवर्षं झालं आहे. सरांच्या वडिलांना जे दोन कडव्यांत कळलं, ते मला कळायला बरीच वर्षं लागली.

आधी हे ठरवू, की समोरचा आवाज म्हणजे नेमका कुठला. आज आपल्या गावांत बहुतेक कार्यक्रम लाऊडस्पीकरवरच होतात. सप्ताहातलं कीर्तन आपण बुवांच्या गळ्यातून ऐकत नाही, कडुनिंबाला बांधलेल्या भोंग्यातून ऐकतो. भोंगा लांब पोचण्यासाठी बनवलेला असतो. बोलणं कळेल एवढा मधला पट्टा तो जोरात फेकतो. तीन-चारशे हर्ट्झच्या खालचं, म्हणजे जाड सूर, त्यातून फारसे निघत नाहीत आणि वरचा चकचकीत भागही निघत नाही. डग्ग्याचा घुमारा त्यात नसतोच. त्यात मिक्सरवर इको इतका चढवलेला असतो की एक ओळ संपायच्या आत तिच्यावर दुसरी चढते. अशा कार्यक्रमापेक्षा घरचे दोन साधे बॉक्स चांगले, हे मी याच धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. कसोटी लावायची तर माईक नसलेलं गाणं घ्या. सभामंडपात सतरंजीवर बसून केलेलं भजन, अंगणातली दंडार (आपल्याकडचं लोकनाट्य), घरात पेटी काढून बसलेला गाणारा. सरांच्या वडिलांची कसोटी याहूनही कडक आहे. ते श्रोत्यांत बसत नाहीत, खंजिरीच्या मागे बसतात. खंजिरी त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर, पेटी उजवीकडे, टाळकरी पाठीशी. ४० वर्षं त्यांनी भजन त्याच जागेवरून ऐकलं आहे. सरांनी मोबाईल ठेवला होता समोरच्या खांबापाशी, वीस फुटांवर. म्हणजे ते भजन वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदाच तिथून ऐकलं.

आता खंजिरीची एक थाप जवळून पाहा. बोटं कातड्यावर पडतात, हाताच्या तळव्याचा दाब मागून येतो, आणि कड्यातल्या चकत्या एकदम झणकारतात. या सगळ्याला डोळ्याची पापणी लवायलाही वेळ लागत नाही. आवाज शून्यातून टोकाला जातो आणि तसाच खाली येतो, मागे चकत्यांची बारीक किणकिण रेंगाळते. त्या किणकिणीखाली पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू येतो, गाणाऱ्यानं घेतलेला दम ऐकू येतो, आणि मग पुढची थाप. मी मंडळात बसून आवाज मोजायचा मीटर लावून पाहिलं आहे. चार फुटांवर काटा ९८ ते १०२ डेसिबलला जायचा. मीटर हळू असतो, खरी थाप त्याहून दहाएक डेसिबल वर असते. आणि दोन कडव्यांच्या मध्ये, सगळे थांबले की, हिवाळ्याच्या रात्री गावातली शांतता ३० डेसिबलच्या आसपास. त्या शांततेतून त्या थापेपर्यंतचा जो पल्ला आहे, त्याला मी आवाजाची उडी म्हणतो. समोरच्या गाण्यातला जिवंतपणा मोठ्या प्रमाणात या उडीत असतो.

घरी ही उडी दोन्ही टोकांनी कापली जाते.

खालच्या टोकाला पंखा आणि कूलर. पंखा चालू असला की खोलीत ४५-५० डेसिबल आधीच भरलेले असतात, आणि आपला उन्हाळ्यातला मोठा कूलर ६० च्याही वर जातो. भात्याचा श्वास, चकत्यांची शेपटी, आलापाच्या शेवटी विरत जाणारा सूर, हे सगळं त्या घरघरीखाली गाडलं जातं. चैत्र-वैशाखात घरी मन लावून गाणं ऐकायचं तर पहाटे चारला उठून ऐका. मी तसंच करतो.

वरच्या टोकाला मशीन आणि बॉक्स. इथे थोडं गणित आहे, पण ते समजलं की दुकानदार तुम्हाला फसवू शकत नाही. घरगुती बॉक्सला एक वॉट दिला तर एक मीटरवर साधारण ८६ डेसिबल आवाज निघतो. तुम्ही आठ फुटांवर बसता, तिथे दोन्ही बॉक्स मिळून आणि खोलीच्या भिंती धरून ८२-८३ उरतात. निवांत ऐकायला सरासरी ७५ लागतात, त्याला पाव वॉटसुद्धा पुरतो. पण थापेला १०५ हवेत. दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट होतात, या हिशोबानं थापेपुरते १६० वॉट लागतील. सरांचं ५० वॉटचं मशीन १०० डेसिबलच्या आसपास दमतं. १०० वॉटचं आणलं तर ३ डेसिबल वाढतील, आणि ३ डेसिबल म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका फरक. कानाला आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यापेक्षा ९२ डेसिबलचे बॉक्स घेतले तर त्याच ५० वॉटमध्ये चौपट मशीन घेतल्याचा फायदा होतो. बॉक्सच्या मागच्या कागदावर हा आकडा लिहिलेला असतो, तो कुणी वाचत नाही. सगळे वॉट वाचतात.

व्होल्टेजचंही थोडं. शेतातले पंप सुरू असताना गावात २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनची ताकद अशा वेळी साठ टक्क्यांवर येते. डेसिबलमध्ये हा तोटा दोनच, पण मशीन लवकर दमतं आणि थाप फाटते. फाटलेली थाप ऐकून माणूस म्हणतो बॉक्स खराब झाला, आणि ते बॉक्स माझ्या दुकानात येतात. आणि बॉक्समधून सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल तर आधी अर्थिंग बघा. आपल्याकडच्या मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, त्यात पाणी घातलं की अर्धी घूंघूं थांबते.

इतकं मोजमाप झालं, पण सरांच्या घरी खरा घात मशीननं नाही, मोबाईलनं केला. मोबाईलचा माईक बोलणं टिपण्यासाठी बसवलेला असतो. आवाज मोठा झाला की तो आपोआप दाबतो आणि लहान झाला की उचलतो. रिक्षात, बाजारात बोलताना ही सोय चांगली आहे, भजनात तीच घातक ठरते. थाप पडली की मोबाईल सगळंच दाबतो, थापेबरोबर गाणाऱ्याचा गळाही. मग थाप ओसरली की हळूहळू वर आणतो. ऐकताना गाणं धापा टाकत असल्यासारखं वाटतं. काही मोबाईल सलग चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून पुसायला बघतात, त्यात एकतारीचा किंवा पेटीचा धरलेला सूर खरवडला जातो. म्हणजे जी उडी मशीननं द्यायची, ती रेकॉर्डिंगमध्ये शिल्लकच नव्हती. तिथे दोन लाखांचे बॉक्स लावले असते तरी वडील तेच म्हणाले असते. त्यांचा कान बरोबर आहे, हे सरांनी त्यांना जरूर सांगावं.

आवाज कमी करून ऐकण्याचाही एक दोष आहे. मंडळात ८०-८५ डेसिबलला चाललेलं भजन घरात शेजारी, लेकरं, परीक्षा बघून आपण ६० ला लावतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं की आवाज लहान केला की कानाला खालचे सूर वरच्यांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. म्हणून हळू लावलं की डग्गा आधी जातो आणि गळा पातळ होतो. मशीनवर लाऊडनेसचं बटण असतं ते याच्यासाठीच. रात्री हळू ऐकताना ते दाबावं, मोठ्यानं ऐकताना काढावं. बहुतेक घरांत ते कायम दाबलेलं असतं आणि मग दिवसा सगळं गदगदतं.

आता खोलीकडे येतो. माझ्या मते घरच्या आवाजात सगळ्यात मोठा वाटा खोलीचा आहे, आणि सगळ्यात कमी लक्षही तिच्याकडेच असतं. हे मला एका कापसानं शिकवलं.

हिंगणघाटकडच्या एका शेतकऱ्यानं दिवाळीत बॉक्स नेले. सिमेंटचं नवं घर, समोरची बैठक, खाली टाइल्स, वर स्लॅब. मी स्वतः जाऊन लावून दिले. आवाज ठीक होता, थोडा कर्कश. जानेवारीत त्याचा फोन आला, "भाऊ, काय केलं तुम्ही? आवाज लय गोड झाला." मी काहीच केलं नव्हतं. मार्चमध्ये परत फोन, "भाऊ, बॉक्स बिघडले." मी गेलो, बॉक्स दुकानात आणले, कॉईल तपासली, ट्विटर (वरचे सूर काढणारे छोटे स्पीकर) तपासले, काही दोष नाही. परत नेऊन लावले तर खरंच कर्कश. मी खोलीच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजवली. टाळीमागे टर्रर्र असा आवाज उमटला, दोन भिंतींमध्ये चेंडू ठोकरत जावा तसा. मी विचारलं, जानेवारीत या खोलीत काय होतं? तो म्हणाला, कापूस. भाव वाढायची वाट बघत त्यानं अर्धी खोली स्लॅबपर्यंत कापसानं भरली होती आणि उरलेल्या अर्ध्यात बसून तो रोज गाणी ऐकत होता. फेब्रुवारीत कापूस विकला आणि त्याच्याबरोबर गोडवाही गेला.

समोरचं भजन ज्या सभामंडपात होतं तिथे एक बाजू उघडी असते, वर उंच छत, अंगाखांद्यावर शाली घेतलेली चाळीस माणसं. आवाज बाहेर जातो, माणसांत मुरतो, आणि जो परत येतो तो उशिरा आणि मऊ होऊन येतो. १० फुटी सिमेंटच्या खोलीत तो काही मिलिसेकंदांत परत येतो आणि मूळ आवाजावरच बसतो. कान त्या दोघांना वेगळे धरत नाही, एकत्र करून कर्कश समजतो. जुनी मातीच्या भिंतींची, कवेलूच्या छपराची घरं या बाबतीत फार चांगली. कवेलूंच्या फटीतून आवाज निघून जातो, मातीची ओबडधोबड भिंत त्याला एका रेषेत परतवत नाही. टिनाच्या पत्र्याखाली मात्र संच लावूच नका. पत्रा स्वतःच वाजतो.

१० बाय १० ची खोली आणि १० फुटांवर स्लॅब, हे आपल्याकडचं ठरलेलं माप आहे, आणि आवाजासाठी याहून वाईट माप नाही. तिन्ही दिशांना एकच अंतर असल्यामुळे ५६ हर्ट्झचा आणि त्याच्या दुपटीचा, ११२ हर्ट्झचा सूर तिन्हीकडून एकाच वेळी फुगतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की तेच सूर सगळ्या गाण्यावर बसतात. डग्गा घुमत नाही, नुसता भदभदतो. सर, भजन ऐकताना सबवूफर बंद करा. पेटी, गळा, खंजिरी, टाळ यांत त्याच्या कामाचं जवळपास काही नाही.

खोली सुधारायला महागडे फोम लागत नाहीत, आपण कापसाच्या देशात राहतो. चार-पाच इंच जाडीच्या तीन गाद्या जुन्या कापसानं भरून घ्या, वर बारदान्याची खोळ शिवा. प्लास्टिकची खोळ नको, तिच्यातून आवाज आत जात नाही. तुम्ही बसायच्या जागी बसा आणि मुलाला बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. आरशात बॉक्स दिसला की ती जागा खुणवा. दोन्ही बाजूंच्या अशा जागांवर एकेक गादी, भिंतीपासून हातभर नाही तरी चार बोटं पुढे धरून टांगा. तिसरी पाठीमागे. पातळ पडद्यानं हे काम होत नाही, तो फक्त वरची चमक खातो आणि मधला गोंगाट तसाच ठेवतो. विजेचा बोर्ड आणि देवघरातला दिवा यांच्यापासून कापूस लांब ठेवा. आणि बॉक्स शोकेसवरून खाली काढा. आपण सतरंजीवर बसतो, तेव्हा कान जमिनीपासून अडीच फुटांवर असतात. ट्विटर त्याच उंचीला हवा आणि बॉक्स मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे. हे फुकटचं काम आहे आणि मी कितीतरी घरांत पाहिलं की फरक पहिल्या गाण्यातच कळतो.

इतकं करून समोरच्या आवाजाला घरचा आवाज गाठतो का? हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. एडिसनच्या कंपनीनं १९१५ पासून अमेरिकेत गावोगावी टोन टेस्ट नावाचे कार्यक्रम केले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. दोघं बरोबर गायचे, मध्येच गायिका ओठ मिटायची आणि तबकडी गात राहायची. कधी दिवे मालवायचे, आणि दिवे लागले की गायिका रंगमंचावर नसायचीच. लोक चकित व्हायचे. त्या यंत्रात वीज वापरून आवाज वाढवण्याची सोयही नव्हती. नंतर त्या कार्यक्रमांत गायलेल्या अ‍ॅना केस यांनी सांगितलं की त्या आपला गळा यंत्राच्या आवाजाइतका आवरून गात. म्हणजे यंत्र माणसापर्यंत पोचलं नव्हतं, माणूस यंत्रापर्यंत खाली आला होता. आज मोठ्या कार्यक्रमांत गाणारेही माईकला सोसेल तसंच गातात, म्हणून ही हकीकत मला महत्त्वाची वाटते. कान फसतो तो बऱ्याचदा गाणंच आधी लहान झालेलं असतं म्हणून.

पुढे १९६० च्या सुमारास एडगर विल्चर यांच्या अ‍ॅकॉस्टिक रिसर्च कंपनीनं हाच प्रयोग चार तंतुवाद्यांच्या एका चमूला घेऊन केला. वादक वाजवता वाजवता थांबायचे, हात नुसते हलवत राहायचे आणि बॉक्स वाजायचे. बदल कधी झाला हे ऐकणाऱ्यांना सांगता येत नसे. त्यातली युक्ती अशी, की रेकॉर्डिंग कोरडं होतं, कुठल्याही सभागृहाचा नाद त्यात नव्हता. वाजवल्यावर ते ज्या सभागृहात वाजत होतं तिथलाच नाद त्याला मिळाला, जसा तो खऱ्या वादकांना मिळत होता. आपण घरी ऐकतो तेव्हा एका जागेचा नाद रेकॉर्डिंगमध्ये असतो आणि त्यावर आपल्या खोलीचा नाद चढतो. दोन जागा एकमेकींत घुसतात.

हे समजल्यावर मी एकदा आमच्याच मंडळावर प्रयोग केला. पौषाचा महिना, सोयाबीन निघून गेलेलं, शेत मोकळं. रात्री खळ्यावर पेटी, खंजिरी आणि दोन गळे बसवले. आजूबाजूला भिंत नाही, झाडही लांब. प्रत्येकासमोर सहा फुटांवर वेगळा माईक, वेगळं रेकॉर्डिंग. थंडीत दवानं खंजिरीचं कातडं उतरत होतं, म्हणून दर दहा मिनिटांनी ती शेकोटीवर धरत होतो. चार दिवसांनी गावच्या सभामंडपात, जिथे हे लोक रोज बसतात नेमक्या तिथे बॉक्स ठेवले. गाणाऱ्याच्या जागी एक, पेटीच्या जागी एक, खंजिरीच्या जागी एक. आवाज खऱ्या माणसाइतकाच ठेवला, कमीही नाही आणि जास्तही नाही. दिवे बंद केले आणि लावलं. पारावर बसलेले दोघे उठून आले आणि दारातून विचारू लागले, "आत कोण बसलं जी?" गाणारा त्या वेळी त्यांच्याच मागे उभा होता.

पण एका म्हाताऱ्या टाळकऱ्याला फसवता आलं नाही. तो म्हणाला, "गळा खरा आहे, पेटी खरी आहे. खंजिरी मात्र भिजल्यावानी वाजून राहिली." त्या जागेवर मी घरगुती बॉक्स ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तिथे माझा कार्यक्रमाचा बॉक्स लावला, एक वॉटला ९७ डेसिबल देणारा. खंजिरी पुष्कळ सुधारली, पण टाळकऱ्याचं समाधान पूर्ण झालं नाही, आणि माझंही नाही. खंजिरी सगळीकडे वाजते. पुढे, मागे, वर, वाजवणाऱ्याच्या छातीवर, छताकडे. बॉक्स वरचे सूर पुढेच फेकतो. गळा मुळात पुढेच जातो, म्हणून तो जमला. टाळ, खंजिरी, घुंगरू ही बॉक्सची सगळ्यात अवघड परीक्षा आहे. दुकानात बॉक्स निवडायला जाल तर सिनेगीत लावू नका, टाळ-खंजिरीचं चांगलं रेकॉर्डिंग लावा. सिनेगीतात उडी आधीच चेपून सपाट केलेली असते, त्यावर सगळेच बॉक्स बरे वाजतात.

तेव्हा माझं मत असं: एक गळा आणि एक पेटी घरी जवळजवळ पूर्ण येऊ शकते. पूर्ण मंडळ नाही. संदलचा ताशा, मंडईतली, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतली ढोलकी, चाळीस माणसांनी एकदम उचललेलं ध्रुवपद, ते घरात येत नाही, आणि ते आणायच्या मागे पैसे घालू नयेत. त्यासाठी मंडईलाच जावं. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत बसते आणि आवाज वर जायच्या ऐवजी वाकून खाली येतो, म्हणून नाटकाचं गाणं शेजारच्या गावापर्यंत ऐकू जातं. त्या आवाजात अंतर आहे, धुकं आहे, बैलगाडीत पांघरूण घेऊन बसलेला आपण आहोत. खोलीत त्यातलं काहीच नाही.

पण घरच्या ऐकण्यात एक गोष्ट आहे, जी समोर कधी मिळत नाही. समोर गर्दीत मी कधीच कुणाचा दम मोजला नाही. घरी तो ऐकू येतो, सूर लावायच्या आधी गाणारा किती थांबला तेही ऐकू येतं, आणि तीच ओळ दहा वेळा ऐकता येते. गौहर जान यांनी १९०२ साली कोलकात्यात गायलं तेव्हा विजेचा माईक नव्हता, भोंग्यासमोर उभं राहून तीन मिनिटांत गाणं संपवायचं होतं. त्यात खालचं नाही, वरचं नाही, खरखर भरपूर आहे. तरी तानेची जागा कळते. माझ्या काकांच्या गळ्याची एक कॅसेट माझ्याकडे आहे, १९९४ ची. तिच्यावर मी कधी मीटर लावला नाही.

म्हणून सर, मशीन बदलू नका, रेकॉर्डिंग पुन्हा करा. वडील आहेत, त्यांचं मंडळ आहे, पेटीवाले आहेत, तोवर करा. दोन माईकचा हातात मावणारा रेकॉर्डर मिळतो, तो घ्या किंवा कुणाकडून आणा. त्यातला ऑटो, म्हणजे आवाज आपोआप दाबणं-उचलणं, बंद करा. सगळ्यात जोरात वाजवायला सांगा आणि काटा शून्याच्या बारा डेसिबल खाली राहील असा लावा, मग भजन संपेपर्यंत हात लावू नका. मोबाईलच वापरायचा असेल तर ऑटो गेन बंद करता येईल असं अ‍ॅप शोधा आणि एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच घंटी वाजेल. रेकॉर्डर खांबापाशी नको. वडिलांच्या शेजारी, त्यांच्या कानाच्या उंचीला, खंजिरीपासून चार फुटांवर ठेवा, त्यांना जसं ऐकू येतं तसं. पंखे बंद ठेवा.

घरी लावाल तेव्हा वडिलांना खरी खंजिरी हातात द्या. एक बॉक्स त्यांच्या शेजारी खाली ठेवा, त्यांना एक थाप मारायला सांगा, आणि बॉक्समधली थाप तितकीच वाटेपर्यंत आवाज वाढवा. तिथे खूण करून ठेवा. शेजाऱ्यांना एक दिवस आधी सांगून ठेवा, आणि रात्री दहाच्या आत आटपा.

आणि मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा. मंडळाच्या ग्रुपवर व्हॉट्सअ‍ॅपनं टाकाल तेव्हा ती चेपली जाऊ शकते, मग सगळे तीच ऐकतात आणि तीच पुढे पाठवतात. ज्यांना खरंच हवी आहे त्यांना पेन ड्राइव्हवर द्या.